मन स्वतःला जाणतेच, तर 'स्वतःला जाण' ही आज्ञा कशासाठी? (संत ऑगस्टीन, आत्मज्ञान आणि शरीर)

मध्यलय (प्रश्न)

चौथ्या-पाचव्या शतकातील ख्रिस्ती विचारवंत व बिशप संत ऑगस्टीनचे 'कन्फेशन्स' (आत्मनिवेदन) आणि 'दे ट्रिनिताते' (ईश्वराच्या त्रैक्याविषयी) हे दोन ग्रंथ अनुवादातून एकापाठोपाठ एक वाचताना एक अडचण उभी राहिली आहे. ती येथील जाणकारांसमोर मांडतो. 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात, म्हणजे इ. स. ४०० च्या आसपास, ऑगस्टीन ईश्वराला उद्देशून म्हणतो की तुझ्या नजरेसमोर मी स्वतःलाच एक प्रश्न होऊन बसलो आहे, आणि माणसाच्या ठायी असे काही असते की जे त्याच्या आत वसणाऱ्या आत्म्यालाही ठाऊक नसते. स्मृतीच्या अफाट विस्ताराचे वर्णन करता करता तो अशा ठिकाणी पोहोचतो की आपण जे काही आहोत ते सगळे आपल्यालाच कवेत घेता येत नाही. याउलट, पुढच्या दोन दशकांत सावकाश पूर्ण झालेल्या 'दे ट्रिनिताते'च्या दहाव्या भागात तो तितक्याच ठामपणे सांगतो की मनाला मनाइतके निकट दुसरे काहीच नाही, आणि मन स्वतःला मुळीच जाणत नाही अशी अवस्था संभवत नाही.

ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी मानावीत? मन स्वतःला सदैव जाणत असेल, तर ग्रीसमधील डेल्फीच्या प्राचीन मंदिरावरील 'स्वतःला जाण' या आज्ञेला अर्थ तरी काय उरतो? ऑगस्टीन ती आज्ञा फेटाळत नाही, उलट तिच्यावरच आपली सगळी चर्चा उभारतो. शिवाय ऑगस्टीनच्याच 'सिटी ऑफ गॉड' या ग्रंथातले 'मी चुकत असेन, तर मी आहे' हे वाक्य वाचले की 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' म्हणणारा सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त आठवतो. तेव्हा शरीर म्हणजे एक यंत्र आणि मन त्याहून सर्वस्वी वेगळे असे काही ऑगस्टीनचेही मत होते काय, हाही प्रश्न मनात येतो. आपल्याकडील आत्मज्ञानाच्या चर्चेशी तुलना करण्याचा मोह मी जाणूनबुजून टाळतो आहे, कारण आधी हा विचार त्याच्याच भूमीवर समजून घ्यावा असे वाटते.

कृष्णाकाठ

आज्ञेविषयीच्या प्रश्नापासून आरंभ करतो, कारण तो सुटल्याशिवाय बाकीचे प्रश्न नीट मांडताही येणार नाहीत.

दहाव्या भागाचा पाया एका साध्या नियमावर आहे: जे सर्वस्वी अपरिचित आहे त्यावर कोणी प्रेम करू शकत नाही, आणि ज्याची ओढ नाही त्याचा शोध कोणी घेत नाही. एखादा अनोळखी शब्द कानावर पडल्यावर त्याचा अर्थ शोधणारा माणूससुद्धा त्या शब्दाला काही अर्थ आहे आणि तो कळणे इष्ट आहे, एवढे आधीपासून जाणत असतो. मग मन जेव्हा स्वतःचा शोध घेते, तेव्हा त्याला ओढ कशाची असते? कोणाकडून ऐकलेल्या वर्णनाची, इतर मनांवरून बांधलेल्या कल्पनेची, की जाणण्यातच जे सौंदर्य आहे त्याची? ऑगस्टीन एकेक पर्याय तपासतो आणि बाजूला सारतो. मन स्वतःला जाणतच नसेल, तर 'मी शोधतो आहे' हे तरी त्याला कुठून कळले? निदान शोध घेणारे म्हणून ते स्वतःला जाणतेच. मनाचा एक भाग जाणतो आणि दुसरा अज्ञात राहतो अशी वाटणीही त्याला मान्य नाही, कारण जाणण्याची क्रिया सबंध मनाची असते. मन जे काही जाणते ते संपूर्णपणे हजर राहून जाणते.

येथे तो एक भेद आणतो, आणि माझ्या मते सगळ्या चर्चेची किल्ली तोच आहे. एखादी गोष्ट जाणून असणे निराळे आणि ती या क्षणी विचारात आणणे निराळे. चौदाव्या भागात तो उदाहरण देतो की संगीत आणि भूमिती या दोन्ही विद्यांत निपुण असलेला माणूस भूमितीचा विचार करत असताना संगीताचा विचार करत नाही, पण म्हणून त्याला संगीत येत नाही असे कोणी म्हणत नाही. मन स्वतःला असेच जाणून असते. ते स्वतःचा विचार मात्र क्वचितच करते, आणि करते तेव्हा बहुधा चुकीच्या रीतीने करते. डेल्फीची आज्ञा त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. ऑगस्टीनचे स्वतःचे उत्तर याहून एक पाऊल पुढे जाते: मनाने स्वतःचा विचार करावा आणि स्वतःच्या प्रकृतीनुसार जगावे, म्हणजे ज्याच्या अधीन राहायचे त्याच्या अधीन आणि ज्यांच्या वर राहायचे त्यांच्या वर, यासाठी ही आज्ञा आहे. ज्ञानाची आज्ञा अशा रीतीने वर्तनाची आज्ञा होते.

चूक कशी घडते, याचे त्याचे विवेचन मला ग्रंथातील सर्वांत समृद्ध भाग वाटते. मन इंद्रियांच्या द्वारे बाह्य वस्तूंमध्ये दीर्घकाळ रमते आणि त्या वस्तूंशी आसक्तीच्या सरसाने चिकटून जाते. वस्तू तर आत आणता येत नाहीत, म्हणून स्वतःकडे परतताना ते त्यांच्या प्रतिमा बरोबर घेऊन येते. या प्रतिमा मनाने स्वतःच्याच सत्त्वातून घडवलेल्या असल्यामुळे त्या आणि आपण वेगळे आहोत हे त्याला ओळखता येत नाही. त्यातूनच तत्त्वज्ञांची वेगवेगळी मते निघाली: कोणी मनाला रक्त म्हणाले, कोणी मेंदू, कोणी हृदय, कोणी अणूंचा समूह, कोणी वायू, कोणी अग्नी, तर कोणी शरीराच्या घटकांचा मेळ. म्हणून मनाने स्वतःला दूर असलेल्या वस्तूसारखे शोधू नये, आपल्यावर जे चढवले आहे ते उतरवावे, असा त्याचा सल्ला आहे. 'त्या माणसाची इच्छा जाणून घे' असे सांगितले तर त्याने खुणा केल्याशिवाय ते शक्य नाही. 'स्वतःचा चेहरा पाहा' असे सांगितले तर आरशाशिवाय शक्य नाही. परंतु 'स्वतःला जाण' यातील 'स्वतःला' हा शब्द ज्या क्षणी कळतो, त्याच क्षणी मन स्वतःला जाणते, कारण ते स्वतःपाशी हजर आहे.

प्रतिमा उतरवल्यावर जे उरते त्याबद्दल कोणालाच शंका घेता येत नाही: मी जगतो, आठवतो, समजतो, इच्छितो, विचार करतो, जाणतो, निर्णय करतो. शंका घेणाराही जगतो, आपण शंका का घेतो हे आठवतो आणि आपल्याला निश्चित ज्ञान नाही हे जाणतो. देकार्तचा संबंध येथे येतो. १६४० मध्ये कोल्व्हियस नावाच्या डच धर्मोपदेशकाने हे साम्य दाखवून दिल्यावर देकार्तने लायडेनच्या ग्रंथालयात जाऊन ऑगस्टीनचा उतारा वाचला आणि उत्तर लिहिले की ऑगस्टीन त्याचा उपयोग आपले अस्तित्व निश्चित करण्यासाठी आणि आपल्यातील त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा एकाच ईश्वराची) प्रतिमा दाखवण्यासाठी करतो, मी मात्र विचार करणारा 'मी' अशरीर आहे हे दाखवण्यासाठी करतो. हा फरक 'सिटी ऑफ गॉड'मधील उताऱ्यापुरता खरा आहे. 'दे ट्रिनिताते'मध्ये मात्र ऑगस्टीन नेमके तेच दुसरे पाऊलही, म्हणजे मन अशरीर आहे हे दाखवण्याचे, टाकतो.

तर्ककर्कश

ते दुसरे पाऊल घसरडे आहे, आणि त्याकडे कौतुकाच्या भरात दुर्लक्ष होऊ नये. युक्तिवाद असा दिसतो: मनाला स्वतःविषयी खात्री आहे, आपण वायू आहोत, अग्नी आहोत की आणखी काही शारीर वस्तू आहोत याविषयी त्याला खात्री नाही, म्हणून ते यांपैकी काहीच नाही. समजा, शेजारच्या गृहस्थांना मी चांगला ओळखतो आणि सोसायटीच्या फलकावरचे निनावी पत्र कोणी लिहिले हे मला ठाऊक नाही. एवढ्यावरून ते पत्र त्या गृहस्थांनी लिहिलेले नाही असे सिद्ध होत नाही. मला काय ठाऊक आहे आणि वस्तू काय आहे, या दोन गोष्टींची येथे सरमिसळ झाली आहे.

शिवाय आत्मा अशरीर आहे हे आरंभीच्या ख्रिस्ती विचारवंतांचे एकमुखी मत होते असा समज या चर्चेतून होऊ शकतो, तो खरा नाही. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या तर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने इ. स. २१० च्या सुमारास 'दे आनिमा' (आत्म्याविषयी) हा ग्रंथ लिहिला, आणि त्यात आत्मा ही शारीर वस्तू आहे असे आग्रहाने मांडले. त्याचे आधार दोन होते. एक आधार स्टोइक विचारवंतांचा (प्राचीन ग्रीक-रोमन जगातील एका तत्त्वज्ञान-परंपरेचा) आणि सोरेनस या वैद्याचा. स्टोइकांचा युक्तिवाद तो असा देतो: शरीराला मार बसला की आत्मा दुखावतो, आणि आत्म्याला लाज किंवा भीती वाटली की शरीर लाल होते किंवा पांढरे पडते. जे एकमेकांना स्पर्श करू शकत नाहीत ते एकमेकांचे दुःख कसे वाटून घेतील? दुसरा आधार शास्त्राचा. लूकच्या शुभवर्तमानात श्रीमंत माणूस मृत्यूनंतर ज्वालांत तळमळतो, दारातल्या भिकारी लाजरसाने बोटाचे टोक पाण्यात बुडवून आपली जीभ गार करावी अशी याचना करतो. आत्मा अशरीर असेल तर ही यातना कोणाला होते, असे तर्तुलियन विचारतो. आपल्या मंडळीतील एका भगिनीला दर्शनात आत्मा दिसला, तो मृदू, तेजस्वी, हवेच्या रंगाचा आणि मानवी आकाराचा होता, असेही तो नोंदवतो. ही साक्ष मला पटत नाही, परंतु स्टोइकांच्या युक्तिवादाला उत्तर देण्याची जबाबदारी ऑगस्टीनवर राहतेच.

कृष्णाकाठ

आपण मांडलेला आक्षेप युक्तिवादाच्या सोप्या रूपाला लागू पडतो, हे मान्य आहे. परंतु त्याच ठिकाणी ऑगस्टीन आणखी एक गोष्ट म्हणतो. मन जेव्हा अग्नीचा विचार करते तेव्हा समोर नसलेल्या वस्तूचा करावा तसा, प्रतिमेच्या आधारे करते. स्वतःच्या जगण्याचा, आठवण्याचा, इच्छेचा विचार मात्र प्रतिमेविना, आतल्या प्रत्यक्ष हजेरीतून करते. मन खरोखर अग्नी असते, तर अग्नीचा विचारही त्याने त्या दुसऱ्या रीतीने केला असता. म्हणजे येथे जाणणे आणि न जाणणे यांची तुलना होत नसून जाणण्याच्या दोन प्रकारांची तुलना होते आहे. हा युक्तिवाद अभेद्य आहे असे मी म्हणत नाही, पण फलकावरच्या निनावी पत्राने तो कोसळत नाही.

वसईकर वाचक

शरीराविषयीच्या प्रश्नावर लिहितो. कॅथलिक घरात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट लहानपणापासून कानावरून गेलेली असते: प्रेषितांच्या विश्वासांगीकारात, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या जुन्या सूत्रात, आत्म्याच्या अमरत्वाचा स्वतंत्र उल्लेख नाही, देहाच्या पुनरुत्थानाचा आहे. संत ऑगस्टीन यांच्या विचारातील बदल समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

मिलान येथे ३८७ मध्ये बिशप अँब्रोज यांच्याकडून बाप्तिस्मा घेण्याच्या सुमारास ते प्लेटोच्या परंपरेत पूर्ण मुरलेले होते. 'सॉलिलोक्विया' या त्या काळातील संवादात त्यांची बुद्धी त्यांना विचारते की तुला काय जाणायचे आहे, आणि ते उत्तर देतात, ईश्वर आणि आत्मा, याखेरीज काहीही नाही. इंद्रियगोचर वस्तूंपासून पूर्णपणे पळून जावे असेही एक वाक्य त्या ग्रंथात आहे. आयुष्याच्या अखेरीस, ४२६–४२७ च्या सुमारास, आपल्या सगळ्या लेखनाची फेरतपासणी करताना त्यांनी या वाक्यावर बोट ठेवले: प्रत्येक शरीरापासून पळावे असे म्हणणाऱ्या, प्लेटोच्या परंपरेतील तत्त्वज्ञ पॉर्फिरीचे मत आपण मांडतो आहोत असे वाचकाला वाटू शकेल, म्हणून ते जपून लिहायला हवे होते. ३८८ मध्ये ते माणसाची व्याख्या मर्त्य शरीराचा वापर करणारा विवेकी आत्मा अशी करतात. 'दे ट्रिनिताते'च्या शेवटच्या, म्हणजे पंधराव्या भागात माणूस हे आत्मा आणि शरीर मिळून झालेले विवेकी सत्त्व ठरते. मृतांच्या देहाची काळजी का घ्यावी या विषयावरील लेखनात तर ते स्पष्टच म्हणतात की शरीर हे बाहेरून लावलेला दागिना किंवा मदतीचे साधन नाही, ते माणसाच्या प्रकृतीचाच भाग आहे.

तर्ककर्कश यांनी स्टोइकांचा जो प्रश्न आणला आहे, त्याला संत ऑगस्टीन यांनी उत्तर देण्याचा प्रयत्न केला होता. कनिष्ठ वस्तू श्रेष्ठ वस्तूवर क्रिया करू शकत नाही, म्हणून शरीर आत्म्यावर काही परिणाम घडवते असे त्यांना म्हणायचे नव्हते. 'आत्म्याच्या परिमाणाविषयी' या मित्र एव्होदियस यांच्याशी झालेल्या संवादात संवेदनेची व्याख्या अशी येते: शरीरावर जे घडते ते आत्म्याच्या नजरेतून निसटत नाही, तीच संवेदना. 'दे मुझिका' (संगीताविषयी) या ग्रंथाच्या सहाव्या भागात हाच विचार ते पुढे नेतात. शरीर चालवणारा आत्मा शरीरात घडणाऱ्या बदलांकडे अधिक सावध होऊन लक्ष देतो. त्यातील जे त्याच्या कामाला अनुकूल असते ते सुखद आणि जे अडथळा करते ते दुःखद वाटते. म्हणजे वेदनाही आत्म्याच्या कृतीचाच एक प्रकार ठरते. हे उत्तर चतुर आहे, पण दातदुखीच्या रात्री ते कोणाला पटेल असे मला वाटत नाही.

एव्होदियस यांच्याशी झालेल्या त्याच संवादात एक मजेदार प्रसंग आहे. लिगुरियात असताना त्यांच्याबरोबरच्या तरुणांपैकी एकाने हातातल्या लेखणीने एक लांब, अनेक पायांचा किडा मधोमध कापला, आणि दोन्ही तुकडे वेगवेगळ्या दिशांनी चालू लागले. त्यांचे आणखी तुकडे केले तरी प्रत्येक तुकडा हलतच राहिला. आत्मा जागा व्यापत नसेल, तर त्याचे तुकडे कसे झाले? त्या प्रसंगाने ते चक्रावले, आणि एव्होदियस यांना त्यांनी सांगितले की एका किड्यावरून आपण इतक्या विचारांती काढलेला निष्कर्ष सोडून देऊ नये. पुढे ४१५ मध्ये बायबलचे भाषांतरकार जेरोम यांना लिहिलेल्या पत्रात त्यांचे मत अधिक नेमके होते: आत्मा शरीरात एखाद्या द्रवासारखा पसरलेला नसतो, तो प्रत्येक अवयवात संपूर्णपणे असतो, म्हणूनच जिवंत देहाच्या लहानशा बिंदूला स्पर्श झाला तरी त्याची जाणीव सबंध आत्म्याला होते.

आत्म्याला शरीराची ओढ असते, हे त्यांच्या उत्तरकाळातील लेखनात वारंवार येते. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकावरील मोठ्या भाष्यात ते म्हणतात की शरीराचा कारभार पाहण्याची स्वाभाविक इच्छा आत्म्यात असते, आणि ती अपुरी राहते तोवर आत्मा ईश्वरदर्शनाकडे पूर्ण वेगाने जाऊ शकत नाही. मृत्यूच्या वेळी जुळलेल्या दोघांना तोडणारी जी कटू भावना होते ती निसर्गाच्या विरुद्ध आहे, असे 'सिटी ऑफ गॉड'च्या तेराव्या भागात वाचायला मिळते. शरीराला यंत्र मानणाऱ्या देकार्तच्या चौकटीत ही ओढ कोठे बसवावी हा प्रश्नच आहे. आणखी एक फरक: देकार्त यांच्या आधी बाराशे वर्षे जगलेल्या या बिशपांना शरीरात जीव कशामुळे आहे याचे उत्तर आत्मा असेच द्यायचे होते, केवळ विचार कशामुळे आहे याचे नव्हे.

शेवटी हा संबंध त्यांना कळला का? 'सिटी ऑफ गॉड'च्या एकविसाव्या भागातील दहावा अध्याय पाहावा. तेथे प्रश्न असा आहे की अशरीर दुष्टात्म्यांना शारीर अग्नीच्या यातना कशा होतील. तर्तुलियन यांनी वापरलेला श्रीमंत माणसाचा आणि लाजरसाचा दृष्टान्तही तेथे येतो, परंतु संत ऑगस्टीन यांच्या मते ती ज्वाला, ते डोळे आणि ती जीभ ही तिन्ही एकाच प्रकारची, अशरीर आहेत. त्यांचे मुख्य उत्तर वेगळेच आहे. माणसाचा अशरीर आत्मा शारीर अवयवांत आता बांधलेला आहेच. ज्या रीतीने आत्मे शरीरांना जोडले जाऊन सजीव होतात ती सर्वस्वी अद्भुत आहे, माणसाला ती आकळत नाही, आणि तरीही तीच माणूस आहे. पुढे सतराव्या शतकातील फ्रेंच विचारवंत पास्कल यांनी हे वाक्य उचलले, ते उगीच नव्हे. ४१२ च्या सुमारास व्होलुसियानस या रोमन सरदारांना देहधारणेविषयी, म्हणजे ईश्वर ख्रिस्ताच्या रूपाने माणूस झाला याविषयी, लिहितानाही तोच सूर आहे: ईश्वर आणि मानवी आत्मा, दोन अशरीर गोष्टी, एकत्र येतात यावर तुमचा विश्वास बसत नाही, पण अशरीर आत्मा आणि शरीर एकत्र येऊन रोज माणूस घडतो हे याहून कमी अवघड आहे काय?

आडवाट

एवढी चर्चा लॅटिन लेखकांभोवतीच फिरते आहे, म्हणून ग्रीक बाजूची थोडी भर घालतो.

ग्रीक भाषेत लिहिणारा बिशप, न्यिसाचा ग्रेगरी, ३७९ च्या सुमारास माणसाच्या निर्मितीवर लिहितो, तेव्हा मध्यलय यांच्या कोड्याला तो ऑगस्टीनच्या नेमके उलट्या बाजूने भिडतो. ऑगस्टीनच्या मते मन ईश्वराची प्रतिमा आहे, कारण ते स्वतःला आठवते, जाणते आणि स्वतःवर प्रेम करते. ग्रेगरी म्हणतो की ईश्वर अगम्य आहे, आणि प्रतिमेत मूळ वस्तूचे सगळे गुण उतरायला हवेत, तेव्हा आपले मन आपल्याला अगम्य असणे हाच त्याच्या प्रतिमा असण्याचा पुरावा आहे. मन हृदयात आहे की मेंदूत, या वादातही तो पडत नाही. वाद्य बिघडले तर वादकाची कला प्रकट होत नाही, तसे अवयव बिघडले की मनाचे कार्य दिसेनासे होते, असे तो म्हणतो. त्याच्या दुसऱ्या एका, संवादरूप ग्रंथात मृत्युशय्येवरची त्याची बहीण माक्रिना शेजारी बसून नाडी पाहणाऱ्या वैद्याकडे बोट दाखवते आणि विचारते की बोटाला जाणवणाऱ्या स्पर्शावरून आतला रोग ओळखणारे, डोळ्यांना न दिसणारे काही या माणसात नसते, तर हे ज्ञान झाले असते का?

सीरियातील एमेसाचा बिशप नेमेसियस हा चौथ्या शतकाच्या अखेरचा. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेनचे वैद्यक त्याने बारकाईने वाचलेले होते. मेंदूच्या पुढच्या पोकळ्यांत कल्पनाशक्ती व संवेदना, मधल्या पोकळीत विचार आणि मागच्या पोकळीत स्मृती अशी वाटणी तो देतो, आणि त्या त्या ठिकाणच्या इजेने ती ती शक्ती बिघडते हे त्याचे प्रमाण आहे. गमतीची गोष्ट अशी की ऑगस्टीनही उत्पत्तीवरील भाष्यात मेंदूच्या तीन पोकळ्या सांगतो, पण स्मृती मधल्या पोकळीत आणि हालचाल मागच्या पोकळीत ठेवतो. आत्मा शरीराशी कसा जोडलेला आहे, याचे नेमेसियसचे उत्तर मला ऑगस्टीनच्या तुलनेत अधिक नेटके वाटते: आत्मा शरीरात एखाद्या जागेत असावा तसा नसतो, प्रियकर प्रेयसीशी बांधलेला असतो तसा नात्याने बांधलेला असतो, आणि तरीही दोघांत कोणाची भेसळ होत नाही.

मध्यलय

सर्वांचे आभार. आज्ञेचा अर्थ आणि शरीराविषयीची भूमिका आता बरीच स्पष्ट झाली. परंतु माझ्या पहिल्या प्रश्नाचा अर्धा भाग शिल्लक आहे. जाणून असणे आणि विचारात आणणे या भेदाने 'कन्फेशन्स'मधले कोडे सुटत नाही. तेथे ऑगस्टीन स्वतःचा विचार अतिशय एकाग्रतेने करतो आहे, आणि तरीही त्याला स्वतःचा थांग लागत नाही. स्वप्नात आपण जागेपणी नाकारलेल्या गोष्टींना संमती देतो, तेव्हा त्या वेळी मी मीच नसतो काय, असे तो त्याच भागात विचारतो.

कृष्णाकाठ

याचे उत्तर ४१९–४२० च्या सुमारास लिहिलेल्या 'आत्मा आणि त्याचा उगम' या ग्रंथाच्या चौथ्या भागात मिळते असे मला वाटते. तो फारसा वाचला जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. व्हिन्सेन्शियस व्हिक्टर नावाच्या तरुणाने ऑगस्टीनवर टीका केली होती: आत्म्याचा उगम आपल्याला ठाऊक नाही असे म्हणणारा माणूस, बायबलच्या स्तोत्रातल्या वचनाप्रमाणे, न समजणाऱ्या पशूंसारखा आहे. वयोवृद्ध ऑगस्टीनने त्याला शांतपणे उत्तर दिले की आपल्याच शरीरात काय काय चालते हेही आपल्याला वैद्यांकडून शिकावे लागते, आणि आपल्या मनाचे बळ तर आपल्याला कसोटीच्या वेळीच कळते.

त्यासाठी तो आपल्या तरुणपणच्या सिंप्लिशियस नावाच्या मित्राची गोष्ट सांगतो. या मित्राची स्मृती विलक्षण होती. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याच्या प्रत्येक भागातील शेवटून दुसरी ओळ विचारली, तरी तो लगेच सांगे. मग त्याआधीची विचारली, तरी तीही सांगे. व्हर्जिल सबंध उलट्या क्रमाने म्हणता येईल असे वाटावे इतके त्याचे पाठांतर होते. रोमन वक्ता सिसेरोच्या गद्याचीही तीच कथा. सगळे थक्क झाले, तेव्हा त्याने ईश्वराची शपथ घेऊन सांगितले की हे आपल्याला येते हे त्या परीक्षेपर्यंत आपल्यालाच ठाऊक नव्हते. परीक्षेच्या आधी आणि नंतर माणूस तोच होता, स्मृतीही तीच होती. इच्छेच्या बाबतीत तो येशूचा शिष्य प्रेषित पेत्र याचे उदाहरण देतो: प्रभूसाठी प्राण देईन असे म्हणताना पेत्र खोटे बोलत नव्हता, फक्त आपल्या इच्छेत किती बळ आहे हे त्याला कळत नव्हते. 'कन्फेशन्स'च्या आठव्या भागातला प्रसिद्ध विरोधाभासही याच मालिकेत बसतो: मन शरीराला आज्ञा देते आणि हात तत्काळ हलतो, मन स्वतःला आज्ञा देते आणि ती मोडली जाते.

तेव्हा ऑगस्टीनच्या लेखी मन आपल्या अस्तित्वाविषयी आणि आपण जगतो, आठवतो, इच्छितो या क्रियांविषयी अचूक असते. त्या क्रिया किती दूरवर पोहोचतात, मोहासमोर इच्छा टिकेल की नाही, याविषयी ते अंधारात असते. 'दे ट्रिनिताते'ची चर्चा पहिल्या गोष्टीविषयी आहे आणि 'कन्फेशन्स'मधली व्याकुळता दुसऱ्या गोष्टीविषयी. स्वप्नांचा प्रश्नही माझ्या मते दुसऱ्या बाजूचाच आहे.

तर्ककर्कश

ही मांडणी पटण्यासारखी आहे, आणि म्हणूनच तिची किंमत किती मोजावी लागते हेही पाहायला हवे. सिंप्लिशियसला आपल्या स्मृतीची खोली ठाऊक नव्हती आणि पेत्राला आपल्या इच्छेचे बळ ठाऊक नव्हते, तरीही दोघांची मने स्वतःपाशी पूर्णपणे हजर होती. मग स्वतःपाशी हजर असलेल्या मनाला आपण कशाचे बनलो आहोत हे ठाऊक नसावे, यात अशक्य ते काय? हजेरी जर बळ उघड करत नसेल, तर ती सत्त्व उघड करते असे मानायला आधार कोणता?

कृष्णाकाठ

ऑगस्टीनचा आधार एका वाक्यात आहे: एखाद्या गोष्टीचे सत्त्व अज्ञात असताना ती गोष्ट ज्ञात आहे असे म्हणणे योग्य नाही. 'दे ट्रिनिताते'च्या दहाव्या भागातील अशरीरत्वाचा युक्तिवाद या वाक्यावर उभा आहे, आणि त्याचे स्वतंत्र समर्थन तो तेथे देत नाही. सत्त्व आणि सामर्थ्य यांत भेद करून आपल्या आक्षेपाला उत्तर देता येईल, परंतु मनाच्या बाबतीत स्मृती, समज आणि इच्छा हेच एक सत्त्व आहे असे तो त्याच भागाच्या शेवटी म्हणत असल्यामुळे तो भेद त्याला सहज वापरता येणार नाही. आत्म्याच्या उगमाबद्दल मात्र त्याने अखेरपर्यंत हात राखून ठेवला. लेखनाच्या फेरतपासणीत त्याची नोंद एवढीच आहे की ते मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि अजूनही ठाऊक नाही.